बापाच्या कडेवरचे मूल : आका, टोडा, ट्रोब्रियंड आणि आपली घरे

गोदाकाठ (धागाकर्ता)

माझ्या आजोबांनी स्वतःच्या चार मुलांपैकी एकालाही आपल्या वडिलांसमोर कधी कडेवर घेतले नाही, असे आजी सांगत असे. वडीलधाऱ्यांदेखत आपल्याच पोराचे लाड करणे म्हणजे मर्यादा सोडणे, असे त्या काळी मानले जाई. भावाच्या मुलाला खांद्यावर बसवून जत्रेला नेण्यास मात्र कोणाची हरकत नसे, आणि आजोबांनी ते हौसेने केले. म्हणजे लहान मूल कसे हाताळायचे हे त्यांना येत नव्हते असे नाही. कोणते मूल, कोणासमोर आणि केव्हा उचलायचे, याचे नियम घराने ठरवून ठेवलेले होते. गेली काही वर्षे मी पितृत्वावरचे मानववंशशास्त्रीय संशोधन वाचत आहे आणि त्या वाचनात आजोबांची ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात आका लोकांपासून करतो. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात आणि काँगोच्या उत्तरेकडील वर्षावनात हे लोक पंचवीस-तीस माणसांचे तळ करून, घुमटाच्या आकाराच्या लहान झोपड्यांत राहतात. बॅरी ह्यूलेट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यात राहून, तान्ही मुले दिवसभर कोणाच्या हातात असतात याच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि १९९१ साली त्या ग्रंथरूपाने मांडल्या. आका बाप दिवसाचा सुमारे ४७ टक्के वेळ बाळाला घेऊन किंवा बाळापासून हाताच्या अंतरावर असतो, असे त्याला आढळले. तळावर असताना एक ते चार महिन्यांच्या बाळाला बाप सुमारे २२ टक्के वेळ प्रत्यक्ष हातात घेऊन असतो. बाळ रडू लागले आणि आई जवळ नसली, तर बाप त्याला शांत करण्यासाठी स्वतःचे स्तनाग्र त्याच्या तोंडात देतो, ही नोंदही ह्यूलेटचीच आहे. आपल्याकडील वाचकाला ती विचित्र वाटेल. पण रडणारे मूल आईकडे ‘परत’ देण्याची घाई त्या माणसाला नाही, एवढे तीवरून कळते, आणि मला ते महत्त्वाचे वाटते.

हे बाप असे का वागतात, याचे ह्यूलेटने दिलेले उत्तर उपदेशाशी किंवा संस्कारांशी जोडलेले नाही. आका लोक जाळी लावून शिकार करतात. त्या शिकारीला पुरुष आणि बायका दोघेही जातात, लहान मुलेही बरोबर असतात, आणि नवरा-बायको वर्षातील बराच काळ दिवसभर एकमेकांच्या आसपास वावरतात. शिकारीच्या वाटेवर बाप मुलाला फारसे उचलत नाही. तो ते तळावर परतल्यावर उचलतो, कारण तेव्हा बायको सरपण आणत असते किंवा रांधत असते आणि तो मोकळा असतो. रोजच्या सहवासामुळे बापाला मुलाचे रडणे, भूक आणि झोप ओळखता येते. आणखी एक बारकावा असा की, ज्यांना पुष्कळ भाऊ आहेत आणि समाजात मान आहे असे पुरुष मुलांना तुलनेने कमी वेळ घेतात. ज्यांचा गोतावळा लहान आहे ते जास्त वेळ घेतात. म्हणजे एकाच जमातीत, एकाच जंगलात राहणारे सगळे बापही सारखे नसतात.

याच संशोधनाने एका मोठ्या समजुतीला धक्का दिला. पाश्चात्त्य मानसशास्त्रात बराच काळ असे मानले जाई की, आई मुलाला जवळ घेऊन वाढवते, तर बाप त्याला हवेत उडवून, गुदगुल्या करून, दांडगाईच्या खेळातून त्याच्याशी नाते जोडतो. आणि हा फरक बहुधा निसर्गदत्तच आहे, असेही समजले जाई. आका बाप असा दांडगा खेळ जवळपास खेळतच नाहीत. दिल्लीतील कुटुंबांचे निरीक्षण करून जयपाल रूपनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही असा खेळ दुर्मीळच आढळला होता. जो बाप दिवसभर दूर असतो आणि संध्याकाळी थोड्या वेळात मुलाचे लक्ष वेधू पाहतो, त्याला उडवाउडवीची गरज पडते. ज्याला मूल आधीच ओळखते त्याला ती पडत नाही. मला हे स्पष्टीकरण पटते.

आता शरीराविषयी. फिलिपिन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) साडेएकविसाव्या वर्षी मोजले गेले आणि सुमारे साडेचार वर्षांनी पुन्हा मोजले गेले. ली गेट्लर, थॉमस मॅकडेड आणि ख्रिस्तोफर कुझावा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात असे दिसले की, सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती तेच पुढे जोडीदार मिळवून बाप होण्याची शक्यता अधिक होती. पण बाप झाल्यावर मात्र त्यांची पातळी, अविवाहित राहिलेल्यांच्या तुलनेत, लक्षणीयरीत्या उतरली. रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलांचे करणाऱ्यांमध्ये ती आणखी कमी होती. टांझानियातील दोन शेजारी जमातींवरचा २००९ सालचा अभ्यास याला पूरक आहे. हाद्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक असून त्यांच्यातील बाप मुलांना सांभाळतात. तेथे बापांचे टेस्टोस्टेरॉन बाप नसलेल्यांपेक्षा कमी आढळले. शेजारच्या दातोगा या गुरे पाळणाऱ्या समाजात लहान मुले ही बायकांची बाब समजली जाते, आणि तेथे असा फरक आढळला नाही. म्हणजे मूल होण्याने पुरुषाचे शरीर बदलते असे म्हणण्यापेक्षा मूल हातात घेण्याने ते बदलते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘बाप’ या एका शब्दात आपण जन्म देणे, नाव देणे, पोसणे, शिस्त लावणे आणि कडेवर घेणे ही पाच-सहा कामे एकत्र बांधतो, आणि ती गाठ निसर्गाने मारलेली आहे असे समजून चालतो. इतर समाजांनी हीच कामे वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली आहेत. त्यांतले शेवटचे काम कोणाकडे जाते, हे कामाची जागा, घराची रचना आणि वडीलधाऱ्यांचे नियम ठरवतात, असे मला वाटते. आपली मते, विशेषतः विरोधी मते, अवश्य लिहावीत.

मृद्गंध

उत्तम मांडणी. नाव देणारा बाप आणि जन्म देणारा बाप वेगळे असू शकतात, यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. निलगिरी पुरेसा आहे. तेथील टोडा लोकांमध्ये पूर्वी एका स्त्रीला अनेक नवरे, बहुतेक वेळा सख्खे भाऊ, असत. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांच्या धनुष्य देण्याच्या विधीचे वर्णन केले आहे. गरोदरपणाच्या सुमारे सातव्या महिन्यात एका झाडाच्या बुंध्यात कोनाडा कोरून त्यात दिवा ठेवतात आणि नवऱ्यांपैकी एक जण स्त्रीच्या हाती लहानसे धनुष्य आणि बाण देतो. ज्याने धनुष्य दिले तो त्या मुलाचा बाप. एवढेच नव्हे, तर दुसऱ्या कोणी नवऱ्याने तो विधी करेपर्यंत पुढची सगळी मुलेही त्याचीच. मधल्या काळात तो वारला तरी बापपण त्याच्याकडेच राहते.

दक्षिण सुदानमधील नुएर लोकांविषयी मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी लिहिलेले याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. एखादा पुरुष निपुत्रिक मेला, तर त्याचा भाऊबंद मृताच्या नावाने, गुरे देऊन, एका स्त्रीशी लग्न करतो आणि तिला होणारी मुले मृताची म्हणून ओळखली जातात. आपल्या धर्मशास्त्रांना हा विचार परका नव्हता. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत औरस एक. क्षेत्रज म्हणजे नियोगाने, नवऱ्याऐवजी नेमलेल्या पुरुषापासून झालेला. कानीन म्हणजे कुमारिकेला झालेला. सहोढ म्हणजे लग्नाच्या वेळीच वधूच्या पोटात असलेला, आणि तो लग्न करणाऱ्याचा समजावा असे स्पष्ट सांगितले आहे. पीक बीज टाकणाऱ्याचे की शेत ज्याचे आहे त्याचे, हा वाद त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात चाललेला आहे. ‘खरा बाप कोण?’ या प्रश्नाचे एकच उत्तर असते, हे आपल्या पूर्वजांनी तरी गृहीत धरलेले दिसत नाही.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल मला या संदर्भात नेहमी आठवतो. गुरूने गोत्र विचारले, तेव्हा त्याने आईने सांगितले तसे सांगितले: मी तुला कोणापासून मिळवले ते मला माहीत नाही, मी जबाला, तू सत्यकाम, म्हणून सत्यकाम जाबाल. गुरूने त्याचे सत्य बोलणे हेच त्याचे कुळ मानले आणि त्याला शिष्य करून घेतले.

बालाघाट

धाग्यातील निरीक्षणे मोलाची आहेत. पण ‘नवरा-बायको एकत्र काम करतात, म्हणून बाप मुलाच्या जवळ येतो’ या सूत्राला मला तीव्र आक्षेप आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही.

मी काही हंगाम ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या साखरशाळेत शिकवले आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत दोघे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर असतात, आणि तान्हे मूलही फडातच, बांधावर फडक्याच्या झोळीत असते. आका लोकांच्या शिकारीशी हे चित्र बाहेरून अगदी जुळते.

मग येथे मूल कोणाच्या कडेवर असते? बापाच्या नाही, आणि आईच्याही फारसे नाही. ते असते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. माझ्या वर्गातील निम्म्या मुली कडेवर भावंड घेऊन येत आणि मूल झोपले की पाटी काढत. एका मुलीने मला सांगितले होते, ‘गुरुजी, दादा कामाला मोठा आहे, मी पोराला मोठी आहे.’ तिचा तो दादा दहा वर्षांचा होता. केवळ एकत्र काम हे कारण असते, तर बीडचे बाप जगातील सर्वांत जवळचे बाप ठरले असते.

फरक मला असा दिसतो. आका माणसाच्या डोक्यावर उचल नसते. जाळे कधी लावायचे, कधी थांबायचे, हे तोच ठरवतो. येथे दर टनाला मजुरी असते, गाडी वेळेवर भरली नाही तर बोलणी खावी लागतात, आणि खाडा झाला तर दंड पडतो. अशा माणसाने मूल उचलले, तर कोयता थांबतो. मी असे बाप पाहिले आहेत की, जे रात्री कोपीत परतल्यावर हात धुऊन मुलाच्या केसांतून हात फिरवतात आणि बसल्या जागीच झोपी जातात. त्यांना मुलांचे प्रेम नाही, असे कोणी म्हणू नये.

गोदाकाठ

बालाघाट सर, आपला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. मी ‘कामाची जागा’ असे लिहिले. मला ‘कामाची मालकी’ असे लिहायला हवे होते. ह्यूलेटच्या नोंदींतही आका पुरुष मुलाला उचलतो तो तळावर, मोकळ्या वेळात. म्हणजे मोकळा वेळ आहे, हीच त्या सगळ्यामागची पहिली अट आहे. शिकार-संग्रह करणाऱ्यांचे समाज वाचताना आपण जवळिकीकडे पाहतो आणि त्या जवळिकीला लागणाऱ्या फुरसतीकडे पाहत नाही. आपल्या उदाहरणामुळे मला ती चूक दिसली.

सात वर्षांच्या मुलीचा मुद्दा तर स्वतंत्र धाग्याचा आहे. बापपणाच्या चर्चेत आपण आई आणि बाप असे दोनच खांब उभे करतो आणि तिसरा, सर्वांत लहान खांब नजरेतून सुटतो.

केतकी_बन

मला ट्रोब्रियंड बेटांविषयी लिहायचे आहे, कारण ‘शिस्त लावणारा’ आणि ‘लाड करणारा’ ही फाळणी तेथे जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसत असेल. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, न्यू गिनीजवळील या बेटांवर मुक्काम केला. तेथे वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचे, आणि त्याच्यावर अधिकार आईच्या भावाचा. वारसा मामाकडून भाच्याला मिळतो आणि शिस्तही मामाच लावतो. बापाला म्हणतात ‘तामा’. मालिनोव्स्कींच्या मते या शब्दाचा तेथील अर्थ ‘आईचा नवरा’ एवढाच होतो. पण हाच तामा मुलाला तासन् तास मांडीवर घेऊन बसतो, भरवतो आणि त्याची घाण काढतो.

एक तपशील मला अतिशय आवडतो. मूल बापासारखे दिसते, असे तेथे म्हणायचे असते. आईसारखे किंवा आईकडच्या माणसांसारखे दिसते असे म्हणणे हा अपमान समजला जातो. आणि बापासारखे का दिसते, तर बाप त्याला सतत जवळ घेऊन बसतो, त्याच्या हातांनी मुलाचा चेहरा घडतो, म्हणून. जन्माशी बापाचा काही संबंध नाही असे सांगणारे लोक मुलाच्या चेहऱ्यावर मात्र बापाच्या हातांचा ठसा पाहतात.

फ्रॉइडच्या सिद्धान्ताप्रमाणे मुलाचे बापाशी वैर असते ते आईवरून. मालिनोव्स्कींनी १९२७ साली असे मांडले की, ट्रोब्रियंडमध्ये मुलाचा राग मामावर असतो, कारण हुकूम मामाचा चालतो. म्हणजे राग अधिकाराचा पाठलाग करतो. यावर अर्नेस्ट जोन्स यांच्यासारख्या मनोविश्लेषकांनी जोरदार हरकत घेतली होती.

हे वाचताना मराठी घरातील मामा डोळ्यांसमोर येतोच, पण नेमका उलटा. आपल्याकडे वंश बापाचा, त्यामुळे हुकूम बापाचा आणि लाड मामाचे. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, लग्नात वधूला बोहल्यावर मामा आणतो, आणि सुट्टीत हट्ट पुरवले जातात ते आजोळी. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील मामाविषयी जे लिहिले ते हेच होते: जेथे बापाचा धाक, तेथे मामाशी सलगी. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवले, त्याचे एक कारण मामाच्या मुलीशी लग्न चालणे हे होते. अशा घरात मामा पुढे सासरा होऊ शकतो, आणि मग लाड आणि मान यांचे गणित आणखी गुंतागुंतीचे होते.

सम्यक_विचार

धागा वाचनीय आहे. पण एका निष्कर्षाकडे सगळे जण काणाडोळा करत आहेत, म्हणून तो मांडतो. रेबेका सिअर आणि रूथ मेस यांनी २००८ साली ४५ मानवी समूहांवरील अभ्यास एकत्र करून असा प्रश्न विचारला की, मुले जगवते कोण? आई गेल्यास मुलाच्या जगण्यावर परिणाम होतो, हे सर्वत्र आढळले. आजीचा, विशेषतः आईच्या आईचा, लाभदायक परिणाम पुष्कळ ठिकाणी आढळला. बापाचा असा परिणाम मात्र साधारण एक-तृतीयांश समूहांतच दिसला. मग इतका मोठा धागा बापावर कशासाठी?

मृद्गंध

सम्यकजी, त्या निबंधाचा अर्थ ‘बाप निरुपयोगी’ असा लावणे बरोबर ठरणार नाही. तेथे मोजलेले आहे ते लहान वयातील जगणे-मरणे. बाप गेल्यावर त्याची जागा आजी, मामा, काका किंवा थोरली बहीण घेऊ शकते, म्हणून मूल वाचते. याचा अर्थ बाप काही करत नव्हता असा नसून, त्याचे काम उचलणारी माणसे घरात होती असा आहे. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी माणसाला ‘मिळून मुले वाढवणारा प्राणी’ म्हटले आहे ते याच अर्थाने. बालाघाट यांनी सांगितलेली सात वर्षांची मुलगी ही त्या आकडेवारीच्या आतच आहे.

आणि काही ठिकाणी एकापेक्षा अधिक बापांचा उपयोग थेट दिसतो. व्हेनेझुएलातील बारी लोक असे मानतात की, गरोदरपणात स्त्रीचा ज्या ज्या पुरुषांशी संबंध येतो ते सगळे मिळून मूल घडवतात. प्रसूतीनंतर ती त्या पुरुषांची नावे सांगते आणि दुसरा बाप मुलासाठी मासे, मांस आणून देतो. स्टीफन बेकरमन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले आहे की, दुसरा बाप असलेली ८० टक्के मुले पंधरा वर्षांची झाली, तर एकच बाप असलेली ६४ टक्के.

सम्यक_विचार

‘काम उचलणारी माणसे होती’ हे स्पष्टीकरण मान्य. बारींची आकडेवारी मी प्रथमच वाचली. मात्र मग चीनमधील मोसुओ आणि केरळातील नायर यांचे काय? तेथे तर नवरा घरात राहतच नसे.

मृद्गंध

नायरांविषयी कॅथलीन गॉफ यांचा १९५९ सालचा निबंध पाहावा. तरवाड म्हणजे आईकडून चालणारे मोठे घर, त्याचा कारभार कारणवराकडे, म्हणजे घरातील थोरल्या पुरुषाकडे. संबंधम्, म्हणजे स्त्रीशी मान्य नाते, असलेला पुरुष रात्री येई आणि सकाळी आपल्या तरवाडात परते. पण मूल जन्मले की योग्य दर्जाच्या पुरुषाने सुईणीला ठरावीक भेटवस्तू देऊन आपले नाते मान्य करावे लागे. ते कोणीच केले नाही, तर स्त्रीवर बालंट येई. म्हणजे बापाचे घर, नाव, मालमत्ता काहीही लागत नव्हते, तरी बापाची कबुली लागतच होती. ही पद्धत पुढे कायद्यांनी आणि नोकरीनिमित्त विखुरलेल्या कुटुंबांनी मोडीत निघाली. १९७५ च्या केरळ कायद्याने एकत्र कुटुंबाची ती व्यवस्था औपचारिकपणे संपवली.

मोसुओंविषयी त्रोटकच लिहितो. चीनमधील लुगू सरोवराकाठचा हा समाज ‘बाप आणि नवरे नसलेला’ म्हणून प्रसिद्ध झाला. पण सिओभान मॅटिसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की, वेगळ्या घरात राहणारे बापही मुलांसाठी पुष्कळ काही करतात आणि त्याचा मुलांना लाभ होतो.

उत्तरवारा

मी गेली नऊ वर्षे स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला आहे. बापाच्या हातातला मोकळा वेळ राज्यसंस्थेने ठरवून निर्माण केला तर काय होते, याचे उदाहरण म्हणून लिहितो. या देशाने १९७४ साली बाळंतपणाची रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली. तरी वीस वर्षे बाप ती फारशी घेत नव्हते. आपला वाटा आईला देऊन टाकत. १९९५ साली एक महिना असा राखून ठेवला की, तो दुसऱ्याला देता येत नाही. घेतला नाही तर बुडतो. पुढे २००२ आणि २०१६ साली तो वाढत गेला, आणि आता एकूण ४८० दिवसांपैकी प्रत्येकाचे ९० दिवस असे राखीव आहेत. दुपारी बागेत बाबागाडी ढकलणारे पुरुष दिसतात ते त्यामुळे.

माझ्या मुलीच्या वेळी मी सात महिने घरी होतो. पहिले तीन आठवडे माझी आई पुण्याहून आलेली होती आणि बाळ रडले की ती माझ्या हातून घेई. ‘तुला नाही जमायचं, दे इकडे,’ असे ती म्हणे, आणि त्यात माया होती, हे मी जाणतो. ती परत गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मला प्रथम कळले की, भुकेचे रडणे आणि झोपेचे रडणे यांचा सूर वेगळा असतो. ते मला कोणी शिकवले नाही. बाळ घेऊन जाणारे दुसरे कोणी घरात नव्हते, म्हणून मी शिकलो. आका बापाविषयीचा परिच्छेद वाचताना मला ते दिवस आठवले.

भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. पंधरा दिवसांत पाहुणेही परतलेले नसतात.

केतकी_बन

उत्तरवारा, आपल्या आईंचा प्रसंग फार बोलका आहे. बापाला दूर ठेवणारी माणसे नेहमी पुरुषच असतात असे नाही. बाळंतिणीची खोली ही आपल्याकडे बायकांची सत्ता होती, आणि ज्या स्त्रीला घरात दुसरीकडे कुठेही सत्ता नव्हती, तिने ती सहजासहजी का सोडावी?

नावाच्या मुद्द्यावरही एक भर घालते. मराठी माणसाच्या नावाच्या मध्यभागी बाप बसलेला असतो. त्याने मुलाला उचलले असो वा नसो, ती जागा त्याचीच. १ मे २०२४ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहिण्याचा निर्णय झाला आहे. याच भूमीवर नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचा पराक्रम कोरून ठेवला आहे, आणि तो राजा ओळखला जातो गौतमीपुत्र म्हणून. सातवाहनांचे राज्य मात्र बापाकडून मुलाकडेच जात होते. नाव आईचे असले म्हणून वंश आईचा होतोच असे नाही, हे त्यावरून लक्षात घ्यावे.

बालाघाट

नावाच्या निर्णयाचे स्वागतच आहे. साखरशाळेत नाव घालताना मी मुलांना वडिलांचे नाव विचारी आणि ते लगेच मिळे. आईचे नाव विचारले की लहान मुले ‘आई’ एवढेच सांगत आणि गोंधळून बहिणीकडे पाहत. ते नाव बहीणच सांगे.

गोदाकाठ

धागा काढल्यावर मी माझ्या मोठ्या आत्याला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. आजोबांनी मुलांना कधी कडेवर घेतले नाही, हे खरे का, असे तिला विचारले. ती म्हणाली, ‘वाड्यात नाही घेतलं. मळ्यात घ्यायचे की.’

तिने सांगितले ते असे. ती चार-पाच वर्षांची असताना दुपारची भाकरी घेऊन आजीबरोबर मळ्यात जाई. परतताना आजी पुढे निघे, आणि आजोबा तिला खांद्यावर बसवून मोटेच्या विहिरीपासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून गावापर्यंत आणत. तिचे दोन्ही पाय ते घट्ट धरून ठेवत आणि वाटेत झाडांची नावे विचारत. वेशीच्या अलीकडे एक चिंच होती. तिथे पोहोचले की ते तिला खाली उतरवत, धोतर झटकत आणि चार पावले पुढे चालू लागत. तिथून घरापर्यंत ती त्यांच्या मागे चालत येई.